सोलापूरकरांचं म्हणणं

आमचे भाऊजी जगातल्या कुठल्याही युद्धावर तासन्‌तास भांडतील, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अर्धा किलो साखर मागायची म्हटलं की त्यांना घाम फुटतो. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, हृषीकेश. बोलताना त्यांची जीभ अडते, लहानपणापासूनच. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा त्यांना ओलांडता येत नाही. मुलाचं असलं नाव ठेवणाऱ्या माणसाला मी चार शब्द सुनावले असते, पण ते माझे सासरे, आणि माझ्या लग्नाआधीच गेले.

भाऊजींनी लग्न केलं नाही. जुळे सोलापुरात आमच्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसून छापखान्यांना लग्नपत्रिका, हँडबिलं टाइप करून देतात. गिऱ्हाइकाने चार चुका करून पाठवलेला मजकूर त्यांच्या हाताखालून गेला की सरळ होऊन बाहेर येतो. बोटं अशी चालतात की बघत राहावं. सगळी अडचण तेवढी गळ्यापाशी.

त्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडून गेली आहे. भाऊजींनी वाक्य सुरू करायचं आणि जो जवळ असेल त्याने ते पुरं करायचं. आधी सासूबाई करायच्या. मग आमचे हे, म्हणजे वेणीमाधव, करू लागले. आता ते दिवसभर जिल्हा परिषदेत असतात, म्हणून बहुतेक वेळा मी. मी चौथीची मास्तरीण, बोलण्यावरच पोट भरते. "भाऊजींना असं म्हणायचंय की" अशी सुरुवात करून मी डॉक्टरांना, गॅसवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनला त्यांचं म्हणणं सांगत आले आहे. कधी चुकलेही नाही. त्यांना वरण हवंय की आमटी हे त्यांच्याआधी मला कळतं. मग बिचाऱ्याला ताटकळत कशाला ठेवायचं?

या माणसाला एक दिवस फोनवर 'वादे वादे' नावाचा ग्रुप सापडला. कोण पुण्याचा, कोण लातूरचा, कोण थेट परदेशातला. कोणी कोणाला पाहिलेलं नाही. सकाळी कोणीतरी बातमी टाकायची. कुठल्या देशाने कुठल्या देशावर क्षेपणास्त्र टाकलं, ते योग्य का अयोग्य, मुळात योग्य म्हणजे काय, आणि योग्य-अयोग्य ठरवणारा माणूस मोकळा असतो की सगळं कपाळावर लिहूनच आलेला असतो, इथपर्यंत संध्याकाळी गाडी जायची. भाऊजींनी तिथं नाव घेतलं 'सोलापूरकर'. हळूहळू असं झालं की वाद रंगात आला की कोणीतरी लिहायचंच, "सोलापूरकर अजून बोलले नाहीत." घरात ज्याचं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही, त्याची तिथं वाट बघत होते. मला फार बरं वाटायचं. थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मी स्वतः तो ग्रुप वाचत नसे. पोरांचे पेपर तपासून झाल्यावर जगाची उठाठेव करायला डोळ्यांत जीव उरत नाही. जेवताना भाऊजी फोन पुढं करायचे, मी दोन ओळी वाचून "छान" म्हणायची आणि भाजी वाढायची. पण माणसं माहीत झाली होती. दुधनीचे शरणबसव हे भाऊजींचे खास वैरी. तुरीचे अडत व्यापारी, रान मोठं, आणि मतं रानाहून मोठी. त्यांचं एकच म्हणणं: जिथं आपला हात पोचत नाही तिथल्या दुःखावर उसासे टाकणं म्हणजे ढोंग. आधी शेजाऱ्याच्या घरात चूल पेटली का बघा, मग जगाचं बोला. भाऊजी वर्षभर याच्या उलट भांडत होते.

दुसऱ्या राहत मॅडम. सोलापुरातल्याच, उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एकदा त्यांनी ग्रुपवर लिहिलं की युद्धाच्या बातम्यांत ढिगाऱ्याखालची मुलं दाखवतात, ती पाहिल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्यावर लातूरच्या कुणा वकिलाने लिहिलं, "मॅडम, टीव्ही बंद करा आणि जेवा." खाली बाकीच्यांची हसरी तोंडं. त्या दुपारी भाऊजींनी एका लग्नपत्रिकेचं काम बाजूला सारलं आणि टेबलावरून उठलेच नाहीत. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण मॅडमचं एका शब्दाचं उत्तर आलं, "शुक्रिया", आणि तो शब्द भाऊजींनी मला दोनदा दाखवला.

संक्रांत झाली आणि शरणबसवांनी ग्रुपवर हाक दिली. माझ्या रानात हुरडा लागलाय, रविवारी सगळ्यांनी यायचं, वर्षभर लांबून भांडलो, आता समोरासमोर बसून भांडू. धडाधड 'येतो', 'येते' सुरू झालं. राहत मॅडमनी लिहिलं, सोलापूरकर येणार असतील तर मी नक्की येईन. आणि आमच्या भाऊजींनी उत्साहाच्या भरात टाइप केलं, "येतो."

मग आठवलं, तिथं तोंडाने बोलावं लागणार. ग्रुपवर कधी बोलून चर्चा व्हायची तेव्हा 'माइक बिघडलाय' असं लिहून त्यांनी वेळ निभावली होती. गळा काही बिघडलाय म्हणून घरी ठेवून जाता येत नाही. दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, ग्रुप सोडतो. म्हणजे त्यांनी 'ग्रु' म्हटलं आणि पुढचं मी म्हटलं. मला त्यांची कीव नाही आली, राग आला. एवढ्या मोठ्या जगात या माणसाने स्वतःच्या हिमतीवर एकच जागा मिळवली होती, आणि ती तो आपल्याच हाताने सोडायला निघाला होता.

तोडगा काढला माझ्या भावाने. वरद माझा धाकटा भाऊ, पाणी तापवायचे सोलर विकतो. बोलण्यात असा की ज्याच्या घराला गच्ची नाही त्यालाही सोलर विकून येईल. आमच्याकडे जेवायला आला होता. सगळं ऐकून हसत म्हणाला, मी होतो की सोलापूरकर, त्यांनी कुठं तुमचं तोंड बघितलंय. तो गमतीत म्हणाला, पण भाऊजींनी बुडत्याने काडी धरावी तसं ते धरलं. वरद सोलापूरकर होणार, आणि भाऊजी त्याचे नातेवाईक म्हणून नुसते सोबत येणार. निदान त्या माणसांना डोळ्यांनी पाहता येईल, त्यांची बोलणी ऐकता येतील. मी म्हटलं, नाटक कंपनीच काढा आता. आमच्या यांनीही नाक मुरडलं. पण भाऊजींच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी रंग आला होता, तो मला पुसवेना. मीही बरोबर जायचं ठरलं, सांभाळून घ्यायला. पुढचे चार दिवस भाऊजी वरदला फोनवर मुद्दे पाठवत राहिले. वरद प्रत्येक मुद्द्याला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवत राहिला.

रविवारी वरदच्या गाडीतून निघालो. अक्कलकोट मागं पडलं तसा दोन्ही बाजूंना शाळू सुरू झाला, आणि भाऊजी खिडकीला नाक लावून बसले. शरणबसवांचं रान दुधनीच्या अलीकडेच होतं. काळी जमीन, बांधावर एक लिंब, त्याच्या सावलीत सतरंज्या, आणि पुढं खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी धुमसत होती. दहाबारा माणसं जमली होती. शरणबसव साठीचे, धिप्पाड, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी समजत होते हा माणूस तोंडाने फटकळ असेल. ते तर दारातल्या पाहुण्याला न्यावं तसं हाताला धरून आम्हाला सावलीत घेऊन गेले.

"या की, बसा. आमच्या कानडी बायका हुरड्याला सीतनी म्हनत्यात," ते म्हणाले. मग वरदकडं वळले आणि त्याला नखशिखांत न्याहाळत राहिले. "तर तुमी सोलापूरकर."

वरदने हात जोडून असं काही हसून दाखवलं की मला तिथंच त्याचा कान धरावासा वाटला. राहत मॅडम पुढं आल्या. बारीक अंगाच्या, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेल्या. त्यांनी पिशवीतून नानकटाईचा डबा काढला आणि दोन्ही हातांनी वरदपुढं धरला. म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही जे लिहिलंत ते मी माझ्या सुनेला वाचून दाखवलं, आणि मग आम्ही दोघी जेवलो. वरद म्हणाला, अहो त्यात काय एवढं. भाऊजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा कोणी त्यांच्या शब्दांसाठी काही घेऊन आलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात पडताना त्यांना बघावं लागत होतं. मला त्या क्षणी ते सगळं सोंग नकोसं झालं, पण आता तोंड कोण उघडणार.

हुरडा सुरू झाला. गड्याने आगटीतून भाजलेली कणसं काढायची आणि बसलेल्यांनी ती हातावर चोळून, फुंकर मारून, गरम दाणे मधल्या ताटात टाकायचे. सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही. भाऊजींनी आपणहून चोळायचं काम घेतलं. चोळणाऱ्याला बोलावं लागत नाही. तळवे लाल झाले तरी थांबेनात. वरद मात्र खुशीत होता. पुण्याच्या दोघांना त्याने विजेचं बिल किती येतं विचारून घेतलं होतं.

शेवटी शरणबसवांनी विषय काढलाच. मांडी सावरून बसले, पैलवान लांग कसतो तसे. "काय सोलापूरकर, एक वरीस झालं भांडताय माझ्याशी. आज समोर हाय मी. जिथं हात पोचत न्हाई तिथलं दुःख आपलं असतंय, हेच म्हननं हाय का अजून?"

सगळे सरसावून बसले. यासाठीच तर आले होते.

आता वरदचा धंदा असा की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर, मग सही कुठं करायची तेवढं दाखवायचं. त्याने चटणीत हुरडा बुडवला आणि मोकळेपणाने म्हणाला, "छे हो शेठ. तुमचंच बरोबर आहे. आपण इथं बसून हळहळून काय उपयोग? लिहायचं म्हणून लिहितो झालं माणूस."

त्याला वाटलं, यजमान खूश होतील. शरणबसवांचा चेहरा उतरला. वर्षभर ज्याच्याशी लढायला अंगाला तेल लावलं त्याने हात लावायच्या आधीच पाठ टेकली, तर जिंकणाऱ्यालाही काय गोड लागणार? "असं व्हय," एवढंच ते म्हणाले आणि हातातल्या कणसाकडं बघत बसले. लातूरचे वकील हसले. राहत मॅडमनी उचललेला घास परत ताटात ठेवला. लिहायचं म्हणून लिहिलेलं त्यांनी सुनेला वाचून दाखवलं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. "न... न... न..."

भाऊजी गुडघ्यावर उठले होते. हातात चोळलेला हुरडा तसाच. मान ताठ, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. शब्द आत अडकला होता आणि ते त्याला धक्के देत होते. सगळ्यांच्या माना वळल्या. वरदचा घास तोंडाशीच राहिला. असल्या वेळी माझं तोंड आपोआप सुटतं, तसंच सुटलं.

"भाऊजींना असं म्हणायचंय की," मी म्हटलं, आणि थांबले.

मला पुढचं येत नव्हतं. त्यांचं वरण मला माहीत होतं, औषध माहीत होतं, गॅसचा नंबर माहीत होता. पण हे वाक्य कुठं जाणार आहे याचा मला पत्ताच नव्हता. इतकी वर्षं एका घरात राहून, त्यांची हजार वाक्यं पुरी करून, या माणसाला खरोखर काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. दहाबारा माणसं माझ्याकडं बघत होती, मग ती भाऊजींकडं बघू लागली.

आणि ती वाट बघत राहिली. हुरडा हा गरम असतानाच खायचा. गार झाला की दाणा चिवट होतो, चव जाते, हे त्या भागातल्या पोरालाही कळतं. ताट मधोमध भरलेलं होतं, वाफ विरत चालली होती, आणि एकानेही हात घातला नाही. गडी नवीन कणसं घेऊन आला, तर शरणबसवांनी मान न वळवता त्याला हातानेच थांबवलं.

"न... नाही," भाऊजी म्हणाले. श्वास घेतला. "ह... ह... हात पोचतो... तिथं... हातच पुरतो. म... म... मन कशाला लागतं. मन... दिलंय... हात पोचत नाही... त... तिथल्यासाठी."

एवढं वाक्य. म्हणायला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. तिथं कोणी मोजत नव्हतं. मला रडू आलं ते मी धूर गेल्यासारखे पदराने डोळे पुसून लपवलं. राहत मॅडम उठल्या, वरदच्या मांडीजवळचा नानकटाईचा डबा उचलला आणि भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. वरद शहाणा, तो सतरंजीवर मागं सरकला.

लातूरचे वकील घाईने म्हणाले, "बरोबर आहे, अगदी बरोबर बोललात तुम्ही." मला तो स्वर ओळखीचा होता. जीभ अडणाऱ्या माणसाला सगळे असंच लगेच बरोबर ठरवतात. डॉक्टर ठरवतात, चेअरमन ठरवतात, आम्ही घरचेही ठरवतो. वाद घातला तर तो पुन्हा बोलेल, आणि पुन्हा ऐकत थांबावं लागेल, त्यापेक्षा हो म्हणून मोकळं झालेलं बरं. दयेचा देखावा होतो आणि सुटकाही होते. भाऊजींच्या तोंडावर मी ते कळलेलं पाहिलं. ते हळूच खाली बसू लागले.

"थांबा वकीलसाहेब," शरणबसव म्हणाले. "काय बरोबर?" त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि भाऊजींच्या अगदी समोर सरकून बसले. त्यांच्या डोळ्यांत काय ओळख पटायची ती पटली होती, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "मला न्हाई पटलं, सोलापूरकर. मन जातंय, कबूल. पन जाऊन करतंय काय तितं? उपाशी मानसाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊन उभं ऱ्हायल्यागत हाय ते. त्यापेक्षा न गेलेलं बरं. सांगा, हाय का जबाब?"

माझ्या देखत भाऊजींना आजवर कोणी "पटलं नाही" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी शरणबसवांकडं बघितलं. मग हसले. असे हसले की त्यांच्या हातातला हुरडा सतरंजीवर सांडला. त्यांनी तळहात विजारीला पुसले, मांडी घातली, पुढं झुकले आणि नव्या वाक्याच्या पहिल्याच अक्षरावर अडकले. शरणबसव हनुवटीला हात लावून ऐकू लागले.

आणि मला तिथं काहीच काम उरलं नव्हतं, म्हणून मी ताट ओढून घेतलं आणि मुकाट्याने गार हुरडा खात बसले.